ओपनचा रकाना

पडद्यावर काही लाख ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे यंदाच्या प्रवेश परीक्षेला बसलेला एक विद्यार्थी. पंढरीनाथ सामंतांनी आलेख उजवीकडे सरकवला, तसे ठिपके विरळ होत गेले. जिथे जवळजवळ कोणीच उरले नव्हते, तिथल्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवले.

"ही तुमची स्वप्नाली."

सहादेव ओव्हाळांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मुलगी हुशार आहे, हे त्यांना पोस्टातल्या सहकाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी सांगितले होते. ती किती रिकाम्या जागी जाऊन उभी आहे, हे त्यांना आज दिसले. "एवढ्या टोकाला?" एवढेच ते म्हणाले.

सामंत निवृत्त संख्याशास्त्रज्ञ. निकालानंतर बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या घरी पालक मुलांना घेऊन येत, आणि मागच्या तीन वर्षांचे कटऑफ पाहून सामंत प्रवेशाची शक्यता सांगत. ते धीर देत नसत, घाबरवतही नसत. पुष्कराजाचा परिणामही हिशेबात धरा, असे म्हणणाऱ्या एका गृहस्थांकडे त्यांनी त्या खड्याची तीन वर्षांची आकडेवारी मागितली होती. आमचं लग्न टिकेल का विचारलं, तरी अजून माहिती अपुरी आहे म्हणतील, असे त्यांच्या पत्नी, उर्मिलाताई, चहा देताना सांगत.

स्वप्नालीला मुंबईतल्या एका सरकारी कॉलेजातच कॉम्प्युटर हवे होते. सामंतांनी तक्ता उघडला, एका रकान्यावरून नजर खाली नेली आणि त्यांच्या तोंडी क्वचितच येणारे वाक्य उच्चारले.

"काळजीचं कारण नाही. जागा मिळाली म्हणून समजा."

सहादेवांनी हात जोडले. स्वप्नाली पडद्याकडेच पाहत होती.

"सर, हा एससीचा रकाना आहे."

"हो."

"मी तुम्हाला कास्ट सांगितली नव्हती."

सामंतांनी आठवून पाहिले. क्रमांक विचारला होता. कॉलेज विचारले होते, शाखा विचारली होती. हे विचारले नव्हते. आडनाव ऐकले आणि हात आपोआप त्या रकान्याकडे गेला. एवढ्याशा पुराव्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांचे शोधनिबंध त्यांनी नोकरीभर परत पाठवले होते.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"रकाना बरोबर आहे, सर. फक्त ओपनचाही बघा ना."

आता सहादेव अस्वस्थ झाले. "अगं, इथे होतंय ना? मग तिकडे कशाला? आपला हक्क आहे तो. उगाच हातची सीट जायची."

हातचे काही जात नाही, हे सामंतांनी त्यांना समजावले. खुल्या जागा आधी भरतात आणि त्यांवर गुणांप्रमाणे कोणीही बसते. तिथे स्वप्नालीचा क्रमांक लागला तर ती जागा तिची. नाही लागला तर राखीव जागा आहेच. कॉलेज तेच, वर्गही तोच.

"म्हणजे तिला काहीच फरक पडत नाही," त्यांनी समारोप केला.

"मला नाही पडत," स्वप्नाली म्हणाली. "सोनूला पडतो."

सोनू तिची आतेबहीण. पेणकरपाड्याला राहायची, पण अभ्यासाला रोज मामाच्या घरी यायची. तिलाही तेच कॉलेज आणि तीच शाखा हवी होती. जाहीर झालेल्या गुणवत्ता यादीवरून स्वप्नालीने मोजले होते: त्या शाखेत एससीच्या जागा सात, आणि एससीच्या यादीत सोनू आठवी. स्वप्नाली खुल्या जागेवर गेली, तर सोनू सातवी.

"पुढच्या सगळ्यांना हेच कॉलेज हवंय, असं तू धरलंस," सामंत म्हणाले. "ते सिद्ध नाही."

"नाहीच आहे. मुद्दाम वाईटात वाईट धरलंय. चांगलं धरलं आणि चुकले, तर तिला काय सांगू?"

नोकरीत त्यांच्यासमोर पुष्कळ हुशार माणसे बसली होती. स्वतःला हव्या असलेल्या उत्तराच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करणारी त्यांतली फार थोडी. आणि त्या थोड्यांतले एकही माणूस बारावी नुकतेच पास झालेले नव्हते. पडद्यावरचा तो एकटा ठिपका त्यांनी मघाशी केवळ गुणांचा म्हणून दाखवला होता.

सहादेवांना भलतीच शंका आली. "फॉर्ममध्ये ते कॉलेज खाली नाही ना टाकणार तू? तिच्यासाठी?"

"पहिलंच टाकणार, बाबा. सोनूने दम दिलाय. खाली टाकलंस तर जन्मात बोलणार नाही म्हणाली."

"अनसूयावर गेलीय," सहादेव म्हणाले. बहिणीचे नाव घेताना ते आल्यापासून प्रथमच हसले.

सामंतांनी ओपनचा रकाना उघडला. मागच्या तीन वर्षांत या शाखेतली शेवटची खुली जागा ज्या क्रमांकांवर संपली होती, ते पाहता दोन वर्षी स्वप्नालीला ती मिळाली असती, एका वर्षी नाही. त्यांनी यंदाच्या जागा घातल्या, परीक्षार्थींची संख्या घातली.

"साठ टक्के. तीन वर्षांवरून याहून अधिक सांगणं म्हणजे पत्रिका पाहणं."

"माझं पंचावन्न येत होतं," स्वप्नाली म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला.

बापलेक गेले. उर्मिलाताईंनी कप उचलले. सामंतांनी भरलेले सगळे आकडे पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा भरले. साठच आले. माहिती तीच होती, रीत तीच होती. उत्तर बदलण्याचे काहीही कारण नव्हते.

पुढचे पालक मुलाला घेऊन दारात उभे होते. "जरा थांबा," सामंत म्हणाले, आणि त्यांनी आकडे तिसऱ्यांदा भरायला घेतले.