काठातला लाल दोरा

मगदूम शेठच्या दुकानात गादीवर बसून शेवंतानं मोबाइलमध्ये स्वतः विकत घेतलेला वेबसाइटचा पत्ता टाकला, 'गोदाक्काची घोंगडी'. पान उघडलं, आईनं, गोदाक्कानं, विणलेली घोंगडी दिसली, पण वरच्या पत्त्यातलं नाव क्षणात गेलं आणि तिथं 'मगदूम वस्त्रभांडार' आलं. तिचं डोकंच फिरलं.

"शेठ, आमचा पत्ता तुमच्या साइटला जोडला तरी वर आमचंच नाव राहील असं ठरलं होतं. तुम्ही तर गिऱ्हाईक सरळ तुमच्या दारात ढकलताय."

"अगं, पान माझ्या साइटवर आहे. माल तुमचाच दिसतोय ना? वर काय लिहिलंय ते कोण बघतंय?" शेठ हसले. "शाळा सोडलीस, आता मला शिकवतीस होय?"

"कुणी बघत नसंल तर दुकानाच्या पाटीवर आजपासून माझ्या आईचं नाव लावा की."

"शेवंते, गप बस," शेजारी बसलेली गोदाक्का पुटपुटली. शेठपुढं ती कायम असंच म्हणायची. मग सवयीनं तिनं फळीवरचं आपलं एक घोंगडं ओढलं. ओळखीसाठी ती प्रत्येक काठात एक लाल दोरा विणायची. काठ चाचपताना तिची बोटं थांबली. दोरा कापून काढला होता. खालच्या घोंगड्याचाही.

आज विकायला आणलेलं गाठोडं तिनं पुन्हा बांधलं आणि लेकीच्या डोक्यावर दिलं.

"अक्का, अहो, माल?" शेठ उठले.

"पोरगी म्हणतीय तसं नाव जोडा, मग माल," पायऱ्या उतरताना ती म्हणाली. "आणि कात्री आत ठेवा."