लपलेला नंबर

उर्कुया आपाने मोबाईल काउंटरवर आपटला. "लेक माझा फोन उचलत नाही. जावई म्हणतो, तुमचा नंबर दिसत नाही, म्हणून घाबरते ती. मी काय चोर आहे, तोंड लपवून फोन करायला?"

सायकालला हसू आलं. डोंगरातल्या नारिन शहराच्या बाजारात एका लोखंडी कंटेनरमध्ये तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. थंडीत काही लोक फोन घेऊन येत, काही नुसते हीटरजवळ बसायला. आपा खिंडीखालच्या गावातून आली होती. तिने दोन्ही कामं एकदमच काढली. बूट हीटरला टेकवून ती ऐसपैस बसली.

"लेक कुठे असते?"

"परदेशात, कझानला, शिवणकामाला. तिकडे कोण कोण फोन करून फसवतात म्हणे. नंबर दिसला नाही की कापूनच टाकते."

"सेटिंग बदललंय फक्त, आपा. चहा घ्या, तोवर होईल."

सायकालने आपाच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला. टेबलावरचा तिचा फोन वाजला. पडद्यावर नुसतं 'खासगी नंबर' आलं. तिने फोन कापला, सेटिंगमध्ये शिरून 'नंबर लपवा'वरची खूण काढली, 'नंबर दाखवा'वर केली आणि पुन्हा लावला.

या वेळी पडद्यावर नाव आलं. एर्मेक बायके. एर्मेकदादा. शेजारी फोटो, घोड्यावर बसून डोळे बारीक करून हसणारा.

सायकालने फोन जवळ ओढला.

एर्मेक मागच्या हिवाळ्यात चुकलेले घोडे आणायला खिंडीकडे गेला होता. घोडे आपले आपण परत आले. तो आला नाही. बर्फ वितळल्यावर अख्ख्या गावाने खिंड धुंडाळली, पण त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही. आई मात्र त्याला फोन करतच राहिली. बराच काळ नुसतं 'फोन बंद आहे' ऐकू यायचं. मग या शरदात एके दिवशी ती म्हणाली, "आज उचलला त्याने. बोलत नाही गं. पण ऐकतो." सायकालने तिला समजावलं, तिच्यावर चिडली, डॉक्टरकडे नेलं. स्वतः तो नंबर लावून बघायचा धीर मात्र तिला कधी झाला नव्हता.

"झाला का गं नीट?" आपाने विचारलं.

"हे सिम कुठून आणलंत?"

"दुकानातून. उचलून नाही आणलं. शरदात घेतलं, नवंकोरं. का गं?"

बंद पडलेले नंबर कंपनी दुसऱ्याला देते. गिऱ्हाइकांना हे सायकाल नेहमी सांगायची. आता तेच ती स्वतःला सांगत होती. समोर फोन वाजतच होता आणि घोड्यावरून एर्मेक हसत होता. तिने घाईघाईने कापला.

"आपा, तुम्हाला एका बाईचा फोन येतो का?"

आपाने ओठांशी नेलेली चहाची वाटी खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलं?" मग हळू आवाजात ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगणारच होते, बाई, चुकीचा लागलाय म्हणून. पण 'बाळा' म्हणत तिने जो हंबरडा फोडला, माझी जीभच उचलेना. आता कुठल्या तोंडाने सांगू? घरात रेंज नाही, म्हणून दुपारी टेकाडावर जाऊन उभी राहते. ती बोलते. गाय व्याली, पीठ संपत आलं, बहीण लग्नाचं नाव काढू देत नाही. मी ऐकते. हूं नाही की चूं नाही."

तेवढ्यात सायकालच्या हातातला आपाचा फोन वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो सायकालला पाठ होता.

"दे इकडे," आपाने हात पुढे केला. "उचलला नाही तर जिवाला घोर लावून घेते बिचारी."

सायकालने दिला नाही. स्वतःच उचलून कानाला लावला.

"एर्मेक?" आईचा आवाज. घरात कधी नसतो इतका टवटवीत. मग ती थांबली, कान देऊन ऐकत राहिली. बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. "आज वारा नाही वाटतं तिकडे," आई म्हणाली. "माणसं ऐकू येतायत. खाली उतरलास का रे?"

सायकालच्या ओठांवर 'आई' आलं. आपा डोळे मोठे करून मान हलवत होती, नको, नको.

"मी दार उघडं ठेवते," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

आपा तिच्याकडे बघत राहिली. "तुझी आई?"

सायकालने मान डोलावली.

"मग यापुढे उचलू का नको, तेवढं सांग."

सायकालने फोन आपाच्या हातात ठेवला, तिला बाहेर आणून कंटेनरला कुलूप लावलं आणि घराकडे निघाली. चालता चालता ती कधी पळायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही.

दार सताड उघडं होतं. वाऱ्याने बर्फ आतल्या गालिच्यापर्यंत उडवलं होतं. आई कोट घालून, केस विंचरून, ताज्या रोट्या मांडलेल्या टेबलापाशी बसली होती.

"आई, सगळं घर गारठलं!" सायकालने आत पाऊल टाकून दाराला हात घातला.

"लावू नकोस." आई तिच्या खांद्यामागे बघत होती. "त्याला आत तर येऊ दे."

सायकालने मागे वळून पाहिलं नाही. दार तसंच धरून ती जरा बाजूला सरकली.