गुळाचा घोडा

माधवीने पहिली ओळ गायली आणि ती थांबली. ठरल्याप्रमाणे गिटारवर भाविक थांबला, ड्रमवर मिथुनही थांबला. तिघे वाट पाहत राहिले, पण ओळ काही परत आली नाही.

चूक कुठे झाली ते भाविकच्या तेव्हा ध्यानात आलं. गाणं त्यांनी बसवलं होतं काल्हेरला, त्याच्या वडिलांच्या गोदामामागच्या रिकाम्या गाळ्यात. तिथे उंच पत्र्याखाली म्हटलेली ओळ समोरच्या भिंतीपर्यंत जायची आणि जरा रेंगाळून माघारी यायची. तिच्यासाठी प्रत्येक वेळी जागा सोडायची तिघांना इतकी सवय झाली होती, की गाळा हाच त्यांचा चौथा गडी झाला होता. आज मात्र ते भाविकच्या बहिणीच्या हळदीत, अंगणातल्या मांडवात उभे होते. मांडवाला भिंती नसतात, ही गोष्ट वर्षभर तालमी करणाऱ्या तीन शहाण्यांपैकी एकालाही सुचली नव्हती.

माधवीने डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली.

‘चंद्राच्या खिशात गुळाचा घोडा,
म्हणतो पाण्याला, दार जरा ओढा.’

पुन्हा तीच रिकामी जागा. तिच्यात जनरेटरची घरघर ऐकू आली, कुणीतरी खुर्ची ओढली, आणि कोपऱ्यातल्या बेंजोवाल्यांपैकी एकाने तोंडावर हात ठेवून जांभई दिली. ती जागा भरून काढावी असं भाविकला फार वाटत होतं, पण बोटं ऐकेनात. त्यांना थांबायचंच वळण लागलं होतं.

मांडवाच्या दाराशी दौलतशेठ, म्हणजे भाविकचे वडील, हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सरळ सौदा केला होता. हळदीत एक गाणं वाजवा, चार माणसांना रुचलं तर गाळा तुमचा, नाही तर एक तारखेपासून तो कुरिअरवाल्यांना दिला. गाळा गेला की बँड गेला, हे तिघांनाही ठाऊक होतं. नारपोलीत माधवीच्या घरी भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालायचे, तिथे आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नसे. मिथुनच्या चाळीत ड्रम लावला असता तर शेजाऱ्यांनी तो आणि मिथुन दोघांनाही खाली नेऊन ठेवलं असतं. आणि गाण्यासाठी घेतलेली कविता तरी कसली, तर माधवीच्या आजोबांच्या शाळेच्या पुस्तकातली, पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पाठ असलेली आणि कुणालाच न समजलेली. दौलतशेठ रोज जेवताना तिचा अर्थ विचारायचे. भाविक रोज भात कालवत बसायचा.

ऊन कलतं झालं होतं. मांडवाच्या पिवळ्या कापडातून येताना ते आणखी पिवळं होत होतं, आणि हळद लावलेल्या, न लावलेल्या सगळ्यांनाच सारखं माखत होतं. माणसं, भांडी, पाटावर बसलेली नवरी करिष्मा, सगळं खाडीच्या पाण्याखाली असल्यासारखं संथ हलत होतं. भाविकला वाटलं, आपणही असेच बुडणार आता, सगळ्या गावादेखत.

करिष्माशेजारी सीताबाई बसल्या होत्या. या गावात भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण सीताबाईंनी धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हटल्याशिवाय लग्न पुरं झालं असं कुणाला वाटत नसे. त्यांनी ओळ टाकायची आणि मागे बसलेल्या बायांनी ती उचलून धरायची, हीच रीत. ओळ अशी अर्ध्यावर लोंबकळत ठेवणं त्यांच्या कानांना सोसवेना. करिष्माच्या कोपराला हळद लावता लावता, मान वरसुद्धा न करता, त्यांनी ती उचलली.

“गुलाचा घोराऽ,” त्या म्हणाल्या.

मागच्या बायांनी ती झेलली. “गुलाचा घोराऽऽ.”

माधवीने डोळे उघडले. भाविकची बोटं आपोआप पुढे सरकली, ड्रमवर मिथुनची काठी पडली, आणि पुढची ओळ गेली. तीही परत आली, थोडी उशिरा, थोडी बदलून, हळदीचा वास घेऊन. मग कुणाला कशाची घाई राहिली नाही. घोडा पाण्यात उतरला, पाण्याने दार ओढलं, आत चंद्र भाकरी थापत बसला होता, आणि बायांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भाविकला इतका आनंद झाला की त्याने एक सूर चुकवला. गाणं संपलं तरी बायांनी शेवटची ओळ दोनदा जास्तच म्हटली.

दौलतशेठ सीताबाईंपाशी येऊन उभे राहिले.

“आक्का, तुला तरी कललं का यांचं काय त्ये?”

“न्हाय,” सीताबाई हात पुसत म्हणाल्या. “धवल्यातलं तरी मना कुठं समदं कलतं? तुजं लगीन लागलंच ना रं?”

भाविकची आई पदराआड हसली. बेंजोवाल्यांनी सुरू करू का म्हणून नजरेने विचारलं, तेव्हा दौलतशेठनी त्यांना हातानेच थांबवलं. मग सीताबाईंच्या मागे बसलेल्या बाया त्यांनी एकेक करून मोजल्या, आणि कपाळाला आठ्या घालून ते भाविककडे वळले.

“मागच्या गाल्यात निसता कोबा हाय,” ते म्हणाले. “या बाया बसतील कशावर?”