नव्या हँगरचे माप

अजस्र प्रवासी विमानासाठी बांधलेल्या नव्या हँगरची लांबी आणि उंची तंतोतंत जुळली. दार मात्र दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर कमी पडले.

"नाक आत, पंख बाहेर! उद्या निलंबनाचं पत्र घेऊन जा," संचालक मुख्य अभियंत्यावर कडाडले.

"साहेब, विमान तेव्हा आलं नव्हतं, म्हणून तुम्हीच तुमच्या दालनातल्या प्रतिकृतीवरून माप घ्यायला लावलंत. मी बरोब्बर शंभरपट केलं. कुठे चुकलो?"

"मग काय, विमान चुकलं?"

नोकरीवर गदा आलेल्या अभियंत्याने दालनात जाऊन कपाटातली ती प्रतिकृती उचलली आणि पंखांच्या टोकांवरून बोट फिरवले. बोटाला करवतीच्या खुणा लागल्या.



काचेच्या कपाटाचे दार लागत नव्हते, म्हणून साहेबांनी दोन्ही पंख तीन-तीन सेंटिमीटर कापून घेतले होते.