तिसरा हात

भाऊबीजेच्या ताटात दादाने पाकिटाऐवजी लहानपणीच्या कॉमिकची नवी, रंगीत आवृत्ती ठेवली, तेव्हा नलूने अधीरपणे आधी अठरावं पान उघडलं.

त्या पानावर चित्रकाराच्या चुकीने सेनापतीला तीन हात होते. एक तलवारीवर, एक लगामावर, अन् तिसऱ्याने स्वारी निवांत घाम पुसत होती. चाळीस वर्षं दोघं त्यावर हसत आली होती. आईच्या आजारपणात नलूची ओढाताण झाली की दादा नुसतं "पान अठरा!" म्हणायचा आणि ती रडता रडता हसायची.

नव्या पानावर घोडा चकचकीत होता, आभाळ निळंशार होतं, पण हात दोनच होते.

"आता शेवटचं पान बघ," दादा फुशारकीने म्हणाला. "प्रकाशकांना पत्र लिहून ती चूक मीच दाखवली. आभार मानलेत, नाव छापलंय माझं!"

"आणि आपली जुनी प्रत?"

"पुराव्यादाखल त्यांनाच पाठवली. फाटकीच तर होती."

नलूने शेवटचं पान उघडलंच नाही. सेनापतीच्या कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात उरला नव्हता.