छत्तीस फोटो

जंगलात माणसाचा अहंकार गळून पडतो. १९९४ साली आम्ही आफ्रिकेच्या अभयारण्यात भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरलो आणि चार दिवस भांडलो.

गाडीतून उतरायला सक्त मनाई होती. मी आतूनच सगळा रोल पक्ष्यांवर संपवला.

"बगळे भाईंदरच्या खाडीवर पण आहेत! माझा एक तरी फोटो काढलात? सोसायटीत कोण विश्वास ठेवेल?" बायको, नीलम, मीरा रोडला पोचेपर्यंत धुमसत होती.

स्टुडिओतून छत्तीस फोटो आले. पक्षी एकही नाही. प्रत्येकात बंद गाडीत भांडणारे आम्ही दोघं, बाहेरच्या गवतातून टिपलेले. फोटोगणिक आणखी जवळून. शेवटचा तर बाहेरून काचेला नाक लावून काढलेला.

"अहो, कॅमेरा कुणाला दिला होतात?" ती किंचाळली.

फोटोत कॅमेरा माझ्याच गळ्यात होता.