डावी पाकळी

मुलांनो, डोळे मिटा आणि कोकणातलं एक देऊळ समोर आणा. गुरव मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. याला कौल म्हणतात.

त्या गावचे सरपंच तात्या मोठे भाविक. शाळेत मुलींसाठी संडास बांधायचा विषय निघाला की ते कौल लावायला सांगत. दोनदा डावीच पडली. पाचवीतली दुर्वा आणि तिच्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत पोट आवळून घरी पळत राहिल्या. पंचायतीची नवी जीप घेताना मात्र देवाला कुणी उठवलं नाही.

पुन्हा निवडणूक आली. तात्यांनी प्रचाराचा नारळ देवळातच फोडला. "देवाक इचारल्याशिवाय मी पाऊल उचलणंय नाय! संडासाचा म्हणशात, तर देवानच नाय म्हटल्यान. मी काय करू?"

जमलेल्या बायकांत बसलेली दुर्वा उठून उभी राहिली. "तात्यानू, तुमी परत उभे ऱ्हवतास, ता देवाक इचारलात?"

बायका पदराआड हसल्या. तात्यांनी उपरण्याने घाम पुसला. "गो बाय, देवाक उगाच कित्याक तरास?"

"संडासासाठी दोनदा दिलात, तेवां?"

मग ती गाभाऱ्याच्या दाराशी गेली, परडीतल्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून गुरवकाकांच्या हातावर ठेवल्या, आणि तात्यांच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसली.